घटाच्या व्होल्टेजवरून समतोल स्थिरांक: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर – आराखडा आणि द्रावणे

प्रश्न एकच आहे. घटाचे व्होल्टेज मोजून अभिक्रियेचा समतोल स्थिरांक किती विश्वासाने सांगता येतो? सूत्र एका ओळीचे आहे. घट समतोलापासून जितका दूर, तितके व्होल्टेज जास्त, आणि समतोल आला की शून्य. नर्न्स्टने १८८९ साली हे समीकरणात बसवले. २५ °से. तापमानाला ते असे वापरणार:

ई = ई° − (५९.१६ ÷ न) × लॉग क्यू, उत्तर मिलीव्होल्टमध्ये.

इथे ई म्हणजे घटाचे व्होल्टेज, ई° म्हणजे सगळे घटक प्रमाण स्थितीत असतानाचे व्होल्टेज, न म्हणजे देवाणघेवाण झालेले इलेक्ट्रॉन, आणि लॉग १० च्या पायाचा. क्यू म्हणजे या क्षणी उत्पादितांचे अभिक्रियाकारकांशी असलेले गुणोत्तर, प्रत्येकाला आपापला घात लावून. समतोलाला ई शून्य होते आणि क्यूच्या जागी समतोल स्थिरांक के बसतो, म्हणून लॉग के = न × ई° ÷ ५९.१६. पाठ्यपुस्तक इथे थांबते. आकडे बिघडतात ते याच्या पुढे, म्हणून नोंदी ठेवतो आहोत.

आज केलेली द्रावणे (१ मोलर म्हणजे लिटरमागे १ मोल):

मोरचूद (कॉपर सल्फेट, पाच रेणू पाणी असलेले), १ मोलर, २५० मि.लि.साठी ६२.४२ ग्रॅम.
झिंक सल्फेट (सात रेणू पाणी), १ मोलर, २५० मि.लि.साठी ७१.८९ ग्रॅम.
पोटॅशियम नायट्रेट, १ मोलर, १ लिटरला १०१.१ ग्रॅम.
सिल्व्हर नायट्रेट, ०.१ मोलर, १०० मि.लि.साठी १.६९९ ग्रॅम, गडद रंगाच्या बाटलीत.
पोटॅशियम क्लोराइड, ०.१ मोलर, २५० मि.लि.साठी १.८६४ ग्रॅम.

झिंक सल्फेटच्या जुन्या बाटलीत वरचे खडे पांढरे, पिठूळ झाले होते. कोरड्या हवेत त्यातले पाणी उडते, त्यामुळे तेवढ्याच वजनात मीठ जास्त येते आणि द्रावण १ मोलरपेक्षा तीव्र होते. वरचा थर बाजूला काढून खालचे पारदर्शक खडे घेतले. मोरचुदातही फिक्या कडांचे खडे वगळले.

सॉल्ट ब्रिज (दोन बीकरांतली द्रावणे जोडणारी, मिठाच्या जेलने भरलेली नळी): १०० मि.लि. पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि ३ ग्रॅम अगार. उकळी येईपर्यंत ढवळत राहायचे. अगार तळाला बसले की करपते आणि जेल पिवळे पडते. गरम असतानाच सिरिंजने ६ मि.मी. आतल्या व्यासाच्या यू नळीत भरले. सहापैकी दोन नळ्यांत वाकणाजवळ हवेचा बुडबुडा अडकला, त्या पुन्हा वितळवून भरल्या. बुडबुडा असला की मीटरवर आकडा नाचत राहतो आणि माणूस वायर तपासत बसतो. तयार नळ्या १ मोलर पोटॅशियम नायट्रेटमध्येच बुडवून ठेवल्या. कोरड्या ठेवल्या तर जेल आक्रसून काचेपासून सुटते.

५ नोव्हेंबर – डॅनियल घट

जुना, भरवशाचा घट (डॅनियलने तो १८३६ मध्ये केला). जस्ताची पट्टी झिंक सल्फेटात, तांब्याची मोरचुदाच्या द्रावणात, दोन्ही १ मोलर. तापमान २५ °से., दोन्ही बीकर पाण्याच्या टबात.

पहिले वाचन १.०६ व्होल्ट, तेही हळूहळू घसरणारे. पट्ट्या कपाटातून काढून तशाच बुडवल्या होत्या. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन लगेच पुन्हा लावल्या, तेव्हा १.१० वर थांबला. अपेक्षित, तांबे आणि जस्ताच्या प्रमाण विभवांवरून: ०.३४ − (−०.७६) = १.१०.

एक चूक मुद्दाम करून पाहिली. तांब्याच्या बीकरमधून काढलेला ब्रिज न पुसता, टोक उलटे करून जस्ताच्या बीकरमध्ये घातला. ब्रिजला लागून आलेल्या थोड्याशा मोरचुदानेही पाच मिनिटांत जस्तावर काळपट थर आला. तो थर म्हणजे जस्तावर बसलेले बारीक तांबे. पट्टीच्या पृष्ठभागावरच छोटे छोटे घट शॉर्ट होतात आणि बाहेर व्होल्टेज कमी दिसते. ब्रिजच्या टोकांना मार्करने 'ज' आणि 'ता' लिहून ठेवले. टोक अदलाबदल होणार नाही, हा नियम.

मीटरबद्दल: डिजिटल मल्टिमीटरचा इनपुट रोध १० मेगाओहम आहे, त्यामुळे घटातून प्रवाह जवळजवळ निघतच नाही. घटाच्या टोकांना १ किलोओहमचा रोध लावला तर वाचन १.१० वरून ०.६० वर आले. म्हणजे घटाचा स्वतःचा रोध सुमारे ८३० ओहम, आणि त्यातला बहुतेक ब्रिजचा. काटेवाला स्वस्त व्होल्टमीटर स्वतःच काही किलोओहमचा असतो. तो जोडून '०.९ व्होल्ट आले' म्हणणाऱ्याचा घट बरोबर असतो, मीटरच घट पिऊन टाकतो.

आता समतोल. लॉग के = २ × ११०० ÷ ५९.१६ = ३७.२. हा आकडा केवढा, हे एकदा मांडून पाहायला हवे. जस्त मुबलक घालून अभिक्रिया पूर्ण होऊ दिली, तर द्रावणात तांब्याच्या आयनांची संहती सुमारे १०^−३७ मोलर उरायला हवी. एका लिटरात एक आयनसुद्धा नाही! रासायनिक विश्लेषणाने असा स्थिरांक मोजणे अशक्य आहे, पण मल्टिमीटर तो दोन मिनिटांत देतो. घटाची खरी उपयुक्तता इथे आहे. (ऊर्जेच्या भाषेत हेच, एफ म्हणजे फॅरडे स्थिरांक: −न × एफ × ई = −२ × ९६४८५ × १.१० = −२१२ किलोज्यूल प्रति मोल.)

बाजूला केलेले गणित: तांब्याचे ९९ टक्के आयन संपले, तर क्यू = १.९९ ÷ ०.०१ = १९९ आणि व्होल्टेज फक्त ६८ मिलीव्होल्टने घटते, १.०३ होते. लॉगमुळे घट शेवटपर्यंत जवळजवळ तेच व्होल्टेज दाखवतो आणि अगदी अखेरीस कोसळतो. वापरात सेल 'उतरतो' तेव्हा त्यातला बराच भाग अंतर्गत रोध वाढल्याचा असतो, नर्न्स्टचा नव्हे.

८ नोव्हेंबर – संहती घट, आणि निम्मेच व्होल्टेज

दोन्हीकडे तांबेच. एका बीकरमध्ये १ मोलर मोरचूद, दुसऱ्यात ०.०१ मोलर. ई° शून्य, म्हणून व्होल्टेज केवळ संहतींच्या फरकाचे. अपेक्षित: (५९.१६ ÷ २) × लॉग १०० = ५९ मिलीव्होल्ट.

आले ३१.

काय काय तपासले, क्रमाने:

पट्ट्या. दोन्ही एकाच बीकरमध्ये बुडवल्या तर शून्य यायला हवे, पण ६ मिलीव्होल्ट आले. पट्ट्या वेगवेगळ्या पत्र्यांतून कापल्या होत्या. एकाच तारेचे दोन तुकडे घेऊन घासले, फरक ०.४ वर आला. पुन्हा घट: ३०.

विरलीकरण. ०.०१ मोलर द्रावण मोजपात्रातून अंदाजे केले असेल ही शंका. १० मि.लि. पिपेटने १०० मि.लि. मापन फ्लास्कमध्ये, असे दोनदा नव्याने केले. घट: ३०.

ब्रिज. दुसरा लावला, मग तिसरा. २९ ते ३१ च्या मध्ये.

तारांची अदलाबदल. चिन्ह बदलले, आकडा तोच.

चूक हाताची नव्हती, सूत्रात घातलेल्या आकड्यांची होती. नर्न्स्टच्या समीकरणात संहती बसत नाही, सक्रियता बसते, म्हणजे आयनांची परिणामकारक संहती (संहती गुणिले सक्रियता गुणांक). दोन धनभारांचा तांब्याचा आयन आणि दोन ऋणभारांचा सल्फेट एकमेकांना इतके ओढतात की तीव्र द्रावणात आयन मोकळेपणाने वावरतच नाहीत. कॉपर सल्फेटचा सरासरी सक्रियता गुणांक ०.०१ मोलरला साधारण ०.४, ०.१ मोलरला ०.१५ आणि १ मोलरला जेमतेम ०.०४. हिशेब नव्याने:

१ मोलरकडे सक्रियता १ × ०.०४२ = ०.०४२
०.०१ मोलरकडे ०.०१ × ०.४१ = ०.००४१

गुणोत्तर शंभर नाही, दहा. दहाचा लॉग एक, म्हणून ३० मिलीव्होल्ट. मीटर बरोबर होता, वही चुकली होती.

मग ५ तारखेला डॅनियल घटात इतके नेमके १.१० कसे आले? तिथेही दोन्ही द्रावणे १ मोलर होती. पण झिंक सल्फेटचा गुणांकही १ मोलरला सुमारे ०.०४ च आहे. क्यू हे दोघांचे गुणोत्तर असल्याने गुणांक वर-खाली कापले गेले. तो आकडा बरोबर आला त्यात बराच वाटा योगायोगाचा. 'डॅनियल घट जुळला म्हणजे पद्धत पक्की' असा निष्कर्ष काढून पुढे गेलो असतो, तर पुढचे सगळे स्थिरांक चुकले असते.

९ नोव्हेंबर – पार्श्वभूमीचे मीठ

उपाय सरळ आहे. दोन्ही बीकरमध्ये अक्रिय मीठ इतके भरायचे की आयनांची एकूण गर्दी तेच ठरवेल. मग तांबे कमी-जास्त झाले तरी सक्रियता गुणांक दोन्हीकडे सारखाच राहतो आणि गुणोत्तरातून निघून जातो.

०.०१ आणि ०.००१ मोलर मोरचूद, दोन्ही १ मोलर पोटॅशियम नायट्रेटमध्ये. अपेक्षित २९.६, आले २९.१. शंभर टक्के समाधान.

ब्रिजमध्येही तेच मीठ, त्याच संहतीत. त्यामुळे ब्रिजच्या टोकांना द्रव-संगम विभवही (दोन द्रावणे भेटतात तिथे आयन वेगवेगळ्या वेगाने सरकल्याने उभे राहणारे जादा व्होल्टेज) फारसा उरत नाही. पोटॅशियम आणि नायट्रेट आयन जवळजवळ सारख्या वेगाने सरकतात, म्हणून ब्रिजला ही जोडी चांगली.

०.००१ विरुद्ध ०.०००१ मोलर मात्र जमले नाही. आकडा २४ च्या आसपास, आणि ढवळले की बदलतो. इतक्या विरल द्रावणात विरघळलेल्या ऑक्सिजनमुळे तांब्याची तार थोडी झिजते आणि तारेलगतचे द्रावण बाटलीवर लिहिले आहे त्यापेक्षा जास्त तांबेयुक्त होते. तांब्याच्या तारेने ०.००१ मोलरच्या खाली जायचे नाही, असे ठरवले.

तापमान: ५९.१६ हा २५ °से.चा आकडा. ३० ला ६०.१५ आणि ३१ ला ६०.३५. टबाचे पाणी दुपारी ३१ पर्यंत चढले होते, सगळी वाचने सकाळी पुन्हा घेतली.

११ नोव्हेंबर – तांबे-अमोनिया: सोडून दिले

विचार असा होता: एका बीकरमध्ये साधे तांबे-आयन, दुसऱ्यात जास्तीच्या अमोनियातले गडद निळे संकुल (तांबे-आयनाला अमोनियाचे रेणू जोडले जाऊन बनलेले), दोन्हींत तांब्याची तार. संकुलात मोकळे तांबे किती उरते ते व्होल्टेजवरून काढायचे. स्थिरांक सुमारे १०^१३ असल्याने ३८५ मिलीव्होल्टच्या जवळपास यायला हवे.

आकडा एका जागी थांबेना. तारेचा बुडालेला भाग अर्ध्या तासात लख्ख चमकू लागला, म्हणजे तांबे विरघळत होते. कारण दुहेरी आहे. अमोनिया असताना हवेतला ऑक्सिजन तांबे खातोच. पण हवा बंद केली तरी निळे संकुल स्वतः तारेतल्या तांब्याशी अभिक्रिया करून एकभारी तांब्याचे रंगहीन संकुल तयार करते. इलेक्ट्रोडच अभिक्रियेत भाग घेऊ लागला, की मीटर समतोलाचा नव्हे, गंजण्याचा विभव दाखवतो. हा घट कागदावर सुंदर, प्रयोगाला नालायक.

१४ नोव्हेंबर – सिल्व्हर क्लोराइडचा द्राव्यता गुणाकार

द्राव्यता गुणाकार म्हणजे संपृक्त द्रावणातल्या चांदी-आयन आणि क्लोराइड यांच्या संहतींचा गुणाकार. १ मि.मी. जाडीच्या चांदीच्या दोन तारा. विरल नायट्रिक आम्लात पाच सेकंद, मग डिस्टिल्ड पाण्याने भरपूर धुणे. एकाच बीकरमध्ये फरक ०.३ मिलीव्होल्ट, चालेल.

बीकर अ: ०.०१ मोलर सिल्व्हर नायट्रेट + ०.०९ मोलर पोटॅशियम नायट्रेट.
बीकर ब: ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड ५० मि.लि., त्यात ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. लगेच दुधाळ गढूळपणा.

दोन्हीकडे आयनिक स्ट्रेंथ (द्रावणातल्या आयनांच्या एकूण गर्दीचे माप) ०.१ ठेवली, ९ तारखेचा धडा. ब मध्ये गढूळपणा दिसलाच पाहिजे. साका (न विरघळलेला सिल्व्हर क्लोराइड) नसेल तर द्रावण संपृक्त नाही आणि मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही. दोन थेंबांत ०.०१ मिलिमोल चांदी जाते, क्लोराइड ५ मिलिमोल आहे. म्हणून क्लोराइडची संहती ०.१ च धरता येते.

सुरुवातीला ब्रिज पोटॅशियम क्लोराइडचा लावला होता, कारण बहुतेक वर्णनांत ब्रिज तोच असतो. बीकर अ मधल्या टोकावर दोन मिनिटांत पांढरी टोपी बसली: जेलमधले क्लोराइड बाहेर येऊन चांदीला भेटत होते. साक्याने टोक बुजते आणि अ ची संहतीही घटते. चांदी असेल तिथे नायट्रेटचाच ब्रिज.

१० मिनिटांनी स्थिर वाचन: ३८३ मिलीव्होल्ट, न = १.

३८३ ÷ ५९.१६ = ६.४७४, म्हणजे अ मध्ये ब पेक्षा तीस लाख पट (२.९८ × १०^६) चांदी-आयन.
ब मध्ये चांदी = ०.०१ ÷ (२.९८ × १०^६) = ३.३६ × १०^−९ मोलर.
गुणिले क्लोराइड ०.१ = ३.४ × १०^−१०.

तक्त्यातला आकडा १.८ × १०^−१०. जवळजवळ दुप्पट फरक, पण आता घाबरायचे कारण नाही. आपला आकडा ०.१ आयनिक स्ट्रेंथच्या द्रावणातला, संहतींचा आहे. तक्त्यातला सक्रियतांचा. डिबाय-ह्युकेलच्या सुधारित सूत्राने (आयनिक स्ट्रेंथवरून सक्रियता गुणांक देणारे) एकभारी आयनाचा गुणांक: लॉग = −०.५०९ × ०.३१६ ÷ १.३१६ = −०.१२२, म्हणजे ०.७५५. चांदी आणि क्लोराइड दोघांसाठी वर्ग ०.५७.

३.३६ × १०^−१० × ०.५७ = १.९ × १०^−१०. जमले.

चूक किती असू शकते तेही लिहून ठेवतो. एक मिलीव्होल्टची चूक म्हणजे १०^(१ ÷ ५९.१६) = १.०४, अर्थात स्थिरांकात ४ टक्के. न = २ असता तर ८ टक्के झाली असती. द्रव-संगमाचे २-३ मिलीव्होल्ट धरले तर उत्तर दहा-बारा टक्क्यांपर्यंत सैल. म्हणून '१.९२' लिहायचे नाही, '१.९' पुरे. लॉगमधून उलटे येताना छोटी चूक मोठी होते, त्यामुळे व्होल्टेज तीन अंकी मिळाले तरी स्थिरांक दोन अंकीच.

पडताळा: क्लोराइड ०.०१ मोलर (उरलेले ०.०९ नायट्रेट) घेतले तर चांदी दहा पट वाढून व्होल्टेज ५९ ने उतरायला हवे. ३२५ आले, अपेक्षित ३२४. समान आयनाचा परिणाम आकड्यांत पाहायचा तर यापेक्षा सोपी सोय नाही.

क्लोराइडऐवजी ०.१ मोलर पोटॅशियम ब्रोमाइड: ५३१ मिलीव्होल्ट. तोच हिशेब केला की ६ × १०^−१३. तक्त्यात ५.४ × १०^−१३. तार बदलून घेतली, कारण जुन्या तारेवर क्लोराइडचा राखाडी थर होता.

१८ नोव्हेंबर – शून्यातून जाणारा घट

आतापर्यंतचे सगळे स्थिरांक टोकाचे. आता असा घट हवा जो समतोलाच्या दोन्ही बाजूंना नेता येईल आणि ज्याचे उत्तर दुसऱ्या मार्गानेही तपासता येईल. चांदी आणि लोखंड यांची जोडी त्यासाठीच:

चांदी-आयन + फेरस ⇌ चांदी + फेरिक (फेरस म्हणजे दोन, फेरिक म्हणजे तीन धनभारांचा लोह-आयन)

प्रमाण विभव ०.८०० आणि ०.७७१, फरक फक्त २९ मिलीव्होल्ट, के सुमारे ३.

लोखंडाची बाजू: फेरस अमोनियम सल्फेट ०.०५ मोलर (१०० मि.लि.ला १.९६१ ग्रॅम) आणि फेरिक अमोनियम सल्फेट ०.०५ मोलर (२.४११ ग्रॅम), दोन्ही ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात. आम्ल नसेल तर फेरिक तपकिरी गाळ होऊन बसते. (०.५ मोलरसाठी तीव्र आम्ल २८ मि.लि., पाण्यात हळूहळू सोडून थंड झाल्यावर १ लिटर.) फेरस द्रावण त्याच सकाळी करायचे, हवेत ते फेरिक होत जाते. इलेक्ट्रोड प्लॅटिनमची तार. पेन्सिलीची शिसकांडी लावून पाहिली, पण तिच्यात माती असते आणि आकडा बसायला पाऊण तास लागतो.

चांदीची बाजू: १४ तारखेचा बीकर अ, जसाच्या तसा.

दोन लोह-द्रावणे मिसळून एकूण ५० मि.लि., फेरिक : फेरस गुणोत्तर बदलत नेले. चांदीची तार मीटरच्या धन टोकाला:

९ : १ ला −६२
३ : १ ला −३४
१ : १ ला −६
१ : ३ ला +२२
१ : ९ ला +५० मिलीव्होल्ट

चिन्ह बदलताना पाहणे हा या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत बोलका क्षण. फेरिक जास्त असताना चांदी विरघळायच्या बाजूला, फेरस जास्त असताना चांदी बसायच्या बाजूला. घट तोच, दिशा संहतीने ठरते. आलेखाचा उतार गुणोत्तराच्या दर दहा पटीला ५८.७, म्हणजे न = १ पक्के.

रेषा शून्याला कापते तिथे गुणोत्तर ०.७९. त्या मिश्रणाला घट समतोलात आहे, म्हणून के′ (सक्रियतांऐवजी संहतींवरून काढलेला, या माध्यमापुरता स्थिरांक) = ०.७९ ÷ ०.०१ = ७९.

तीन कुठे आणि एकोणऐंशी कुठे! फरक मोजमापाचा नाही. सल्फेट आयन फेरिकला धरून ठेवतात, फेरसला तितके नाही. त्यामुळे सल्फ्युरिक आम्लात या जोडीचा विभव ०.७७ ऐवजी ०.६८ व्होल्टच्या आसपास असतो. चांदीशी फरक २९ वरून १२० मिलीव्होल्ट होतो, के सुमारे १०५ होतो, आणि चांदीचा सक्रियता गुणांक ०.७५५ लावला की ७९. अभिक्रियेच्या समीकरणात सल्फेट कुठेच लिहिलेला नाही, तरी समतोल पंचवीस पटींहून जास्त सरकवून बसला आहे. के′ लिहिताना शेजारी माध्यम लिहिलेच पाहिजे.

२० नोव्हेंबर – बाटलीतला पडताळा

व्होल्टमीटर बाजूला. ०.१ मोलर फेरस आणि ०.०१ मोलर सिल्व्हर नायट्रेट, दोन्ही ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात (मिसळल्यावर आम्ल विरल होऊन के′ बदलू नये म्हणून), ५०-५० मि.लि. एकत्र. बुच गच्च, अंधारात २४ तास. काही मिनिटांतच द्रावणात करड्या चकाकत्या कणांचा धुरळा उठला आणि सकाळपर्यंत तळाला बसला. ती चांदी.

अंदाज: सुरुवातीला फेरस ०.०५, चांदी ०.००५ मोलर. के′ = ७९ धरून समीकरण सोडवले की ०.००३९ मोलर चांदी खाली बसते, ०.००११ द्रावणात उरते. गाळलेल्या २५ मि.लि.ला ०.०१ मोलर पोटॅशियम थायोसायनेट २.७ मि.लि. लागायला हवे.

टायट्रेशनला वेगळा दर्शक लागत नाही, फेरिक द्रावणात आहेच. चांदी संपली की पहिला जादा थेंब लालसर रंग देतो. पण आधी गाळणे अत्यावश्यक. तळाची चांदी तशीच राहिली तर थायोसायनेटने चांदी-आयन उचलताच समतोल मागे सरकतो, तळाची चांदी विरघळून नवे आयन देते आणि अंतिम बिंदू हातातून निसटत राहतो. पहिल्या बाटलीत गाळणकागद सैल होता, त्यातून बारीक कण गेले आणि रंग येऊन परत परत गेला. ती वाचने काढून टाकली. बारीक छिद्रांच्या कागदाने दोनदा गाळून: ३.२ आणि ३.२ मि.लि.

त्यावरून उरलेली चांदी ०.००१२८ मोलर, के′ = ६३.

७९ आणि ६३. या दोघांतले अंतर व्होल्टेजमध्ये मांडले तर जेमतेम ६ मिलीव्होल्ट. आम्लाचे हायड्रोजन आयन इतर आयनांपेक्षा कितीतरी वेगाने सरकतात, त्यामुळे आम्ल आणि नायट्रेट ब्रिज यांच्या संगमावर एवढा विभव सहज उभा राहतो. शिवाय बाटलीत चांदीही सल्फ्युरिक आम्लात होती, घटात नायट्रेटमध्ये, म्हणजे तिचा गुणांक दोन्हीकडे सारखा नाही. या घटापुरते बाटलीच्या आकड्यावर जास्त विश्वास. सिल्व्हर क्लोराइडच्या बाबतीत उलट, कारण तिथे बाटलीत मोजण्याइतकी चांदी उरतच नाही.

२१ नोव्हेंबर – आवराआवर

चांदीची सगळी द्रावणे एका बाटलीत, त्यात मिठाचे पाणी घालून चांदी क्लोराइड म्हणून खाली बसवली. ११ तारखेचे अमोनियाचे द्रावण त्या बाटलीत चुकूनही जाऊ द्यायचे नाही. अमोनिया आणि चांदी एकत्र साठवले तर काळा स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो आणि तो नुसत्या हलवण्यानेही फुटतो. अमोनियाची बाटली वेगळ्या कपाटात, आधी विरल आम्लाने उदासीन करून. तांबे आणि जस्ताची द्रावणे तिसऱ्या डब्यात, लेबलवर संहती आणि तारीख.

दोन ब्रिज १ मोलर पोटॅशियम नायट्रेटमध्ये परत ठेवले आहेत. एका ब्रिजचे 'ज' टोकही निळसर झाले आहे, तो टाकून द्यायचा.